स्कॉटी मूर : गिटार, दोन वेगळे एको आणि पैशांचा हिशेब

सहावी तार

मंडळी, एल्विस प्रेस्लीच्या धाग्यावर स्कॉटी मूरचा विषय निघतो आणि दोन प्रतिसादांत विरून जातो. म्हणून हा वेगळा धागा काढतोय. रॉकाबिलीची (कंट्री आणि ब्लूज यांच्या मिश्रणातून आलेल्या सुरुवातीच्या रॉक अँड रोलची) गिटार कशी वाजायला हवी हे ज्याच्या हातांनी ठरलं, त्याची वाद्यं, यंत्रं, नोकऱ्या आणि मिळकत एका ठिकाणी यावी अशी इच्छा आहे. चुकलं तर जरूर दुरुस्त करा.

पूर्ण नाव विनफिल्ड स्कॉट मूर तिसरा. जन्म २७ डिसेंबर १९३१, टेनेसी राज्यात गॅड्सडेनजवळ. भावांत सगळ्यात धाकटा. १९४८ ते १९५२ नौदलात. सुटल्यावर मेम्फिसमध्ये भावांच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कामाला लागला. तिथे त्याच्याकडे हॅट साफ करून साच्यावर बसवायचं काम होतं. दिवसा हे काम आणि रात्री ‘स्टारलाइट रँग्लर्स’ नावाचा कंट्री वाद्यवृंद. त्यात उभा बास बिल ब्लॅककडे, गायला डग पॉइंडेक्स्टर. मे १९५४ मध्ये या वृंदाची एक तबकडी सन रेकॉर्ड्समध्ये मुद्रित झाली. ती फारशी खपली नाही, पण सनचा मालक सॅम फिलिप्स याच्याशी स्कॉटीची ओळख पक्की झाली. दुकानातलं काम आटोपलं की तो ७०६ युनियन अ‍ॅव्हेन्यूला जायचा आणि दोघं कॉफी घेत काय नवीन करता येईल यावर बोलत बसायचे.

४ जुलै १९५४ ला फिलिप्सच्या सांगण्यावरून एल्विस स्कॉटीच्या घरी आला. ब्लॅक तिथून जवळच राहायचा, तोही डोकावून गेला. दुसऱ्या दिवशी तिघं स्टुडिओत. संथ गाणी घेऊन पाहिली, काही जमेना. विश्रांतीत एल्विसने आर्थर क्रडपचं ‘दॅट्स ऑल राइट’ जोशात म्हणायला सुरुवात केली, ब्लॅकने बास धरला, मागून स्कॉटी शिरला. १९ जुलैला तबकडी बाजारात आली, क्रमांक सन २०९.

यातली मला महत्त्वाची वाटणारी तारीख मात्र १२ जुलै. त्या दिवशीच्या करारानुसार स्कॉटी एल्विसचा व्यवस्थापक झाला, १० टक्के मोबदल्यावर. कार्यक्रमाच्या पैशांची वाटणी ठरली ती अशी: एल्विस ५० टक्के, स्कॉटी २५, ब्लॅक २५. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

उभा बास

चांगला धागा. गिटारवर यायच्या आधी तिघांची कामं कशी वाटलेली होती ते सांगतो. ते कळल्याशिवाय स्कॉटी असाच का वाजवायचा हे समजत नाही.

‘दॅट्स ऑल राइट’मध्ये ड्रम नाही, पियानो नाही. एल्विस साध्या गिटारवर सलग ठेका खेचतो. ब्लॅकचा बास दोन कामं करतो. बोटांनी तार बाजूला ओढून सोडली की खर्जाचा सूर येतो, आणि लगेच तळवा तारांसकट पट्टीवर आपटला की ‘टक्’. हा टक् मात्रांच्या मध्ये पडतो आणि कानाला स्नेअर ड्रमसारखा लागतो. तारा आतड्याच्या हव्यात. स्टीलच्या तारांवर हे केलं तर बोटं सोलवटतात आणि टक् कोरडा न येता खणखणतो.

म्हणजे ठेका झाला, खर्ज झाला, गाणं झालं. स्कॉटीनेही कॉर्ड खेचत बसायचं ठरवलं असतं तर एल्विसच्याच गिटारवर थर चढला असता. म्हणून तो गायकाची ओळ संपते तिथे शिरतो. दोन तारा एकत्र छेडून छोटासा तुकडा टाकतो आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आत बाहेर पडतो. आपल्याकडे गाताना सारंगीवाला जी जागा भरतो, तीच ही जागा.

दुसऱ्या बाजूचं ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ही ऐका. बिल मन्रोचं मूळ गाणं तीन मात्रांचं, डोलत जाणारं. या तिघांनी ते चार मात्रांत आणून पळवलं. चाल बदलली की जागाही बदलतात. स्कॉटीचे तुकडे मूळ गाण्यात बसलेच नसते.

पहिला कॉर्ड

वाचतोय, मस्त चाललंय. एक नेमका प्रश्न: डिले पेडलवर (आवाज थोड्या उशिराने परत ऐकवणाऱ्या, पायाने चालवायच्या पेटीवर) स्कॉटीचा एको आणायचा तर आकडे काय ठेवायचे? ‘दॅट्स ऑल राइट’ आणि ‘मिस्टरी ट्रेन’ दोन्हींना एकच सेटिंग चालतं का? इंटरनेटवर सगळीकडे ‘स्कॉटी मूर एको’ म्हणून एकच आकडा देतात.

फीतयंत्र

एकच आकडा देतात तिथेच गफलत होते. हे दोन वेगळे एको आहेत आणि त्यांच्या मधली सीमा मे १९५५ ची आहे.

पहिला एको स्टुडिओचा. फिलिप्सकडे अ‍ॅम्पेक्स ३५० ची दोन टेपयंत्रं होती. एकावर गाणं मुद्रित व्हायचं. तोच आवाज दुसऱ्या यंत्रालाही दिलेला असायचा. टेपयंत्रात रेकॉर्ड हेड आधी आणि प्लेबॅक हेड नंतर असतं. फीत एकापासून दुसऱ्यापर्यंत जाईतो थोडा वेळ लागतो. दुसऱ्या यंत्राच्या प्लेबॅक हेडवरून निघालेला हा उशिराचा आवाज मिक्सरवर परत आणून मूळ आवाजात मिसळायचा, हाच स्लॅपबॅक. गणित सोपं आहे: हेडमधलं अंतर २ इंच आणि फितीचा वेग सेकंदाला १५ इंच धरला तर २ भागिले १५, म्हणजे सुमारे १३३ मिलिसेकंद. वेग साडेसात इंचांवर आणला की दुप्पट, सुमारे २६७. दुसरा आकडा लांबतो आणि पळत्या गाण्यात शब्दांवर शब्द चढतात.

हा एको एकट्या गिटारवर नसून आवाज, बास, गिटार सगळ्यांवर बसतो. सगळं एका दमात, एकाच ट्रॅकवर, मोनो. नंतर गिटार वेगळी काढून तिच्यावर काही करायची सोयच नव्हती. ब्लॅकचा टक् दोनदा ऐकू येतो तो याच एकोमुळे, आणि त्यामुळेच तिघांचा वृंद पाचांचा वाटतो.

दुसरा एको स्कॉटीच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला. इलिनॉय राज्यातल्या कैरो गावच्या रे बट्सने ‘एकोसॉनिक’ नावाचा अ‍ॅम्प बनवला होता. १२ इंची स्पीकर, आणि पेटीच्या आतच फितीचं न संपणारं वेटोळं आणि हेड. चेट अ‍ॅटकिन्सकडे तो आधीपासून होता. त्याच्या ‘मिस्टर सँडमन’मधला तो आवाज ऐकून स्कॉटीने शोध घेतला आणि मे १९५५ मध्ये एक विकत घेतला. किंमत सुमारे ५०० डॉलर. त्या काळी ती मोठी रक्कम होती. यातला एको फक्त गिटारवर, आणि कुठल्याही सभागृहात बरोबर नेता येणारा. त्याआधी स्कॉटी साधा फेंडर डिलक्स वापरायचा, त्यात एको नव्हता.

म्हणजे ‘दॅट्स ऑल राइट’ आणि फेब्रुवारी १९५५ चं ‘बेबी, लेट्स प्ले हाउस’ यांत फक्त स्टुडिओचा एको. ११ जुलै १९५५ ला मुद्रित झालेल्या ‘मिस्टरी ट्रेन’मध्ये एकोसॉनिक आला.

आता सेटिंग. पहिल्या प्रकारासाठी पेडल वापरूच नका. संगणकावर किंवा मिक्सरवर एक वेगळी वाट काढा आणि तिच्यावर मोनो डिले लावा. वेळ १३० ते १४० मिलिसेकंद, फीडबॅक शून्य म्हणजे एकच पुनरावृत्ती, डिले पूर्ण ओला, म्हणजे त्या वाटेवर मूळ आवाज न मिसळता नुसता एको. ४ ते ५ हजार हर्ट्झच्या वरचं आणि २०० च्या खालचं कापा. मग गायक, बास, गिटार तिघांनाही त्या वाटेवर थोडं थोडं पाठवा. एको मूळ आवाजापेक्षा ८ ते १० डेसिबलने खाली ठेवा. दुसऱ्या प्रकारासाठी पेडल चालेल: १२० ते १४०, पुनरावृत्ती एक, फार तर दुसरी पुसट, आणि मिक्स तिसऱ्या हिश्श्याच्या आत.

बिघडतं कुठे ते सांगतो. फीडबॅकचं बटण चुकून वर राहिलं की गुहेत वाजवल्यासारखं होतं. स्टिरिओ डिले घेतला तर एको एका कानात आणि मूळ दुसऱ्या कानात पळतं आणि धक्काच निघून जातो. आणि खरं टेपयंत्र वापरत असाल तर दुसऱ्या यंत्राचा परतीचा आवाज पुन्हा त्याच यंत्रात शिरतोय का ते आधी तपासा. तो शिरत असेल तर परतीची पातळी थोडी वाढवली तरी पुनरावृत्त्या साचत जातात आणि शेवटी शिट्टी बसते. एको दिवसेंदिवस बोथट होत चालला तर सर्किट उघडू नका. आधी हेड स्पिरिटने पुसा, फीत बदला. वेटोळ्याची फीत तर फारच लवकर झिजते, कारण तोच तुकडा सतत हेडवरून फिरत असतो.

तबकडी

फीतयंत्र यांच्याशी सहमत. कानाने खात्री करायची सोपी रीत सांगतो. ‘हार्टब्रेक हॉटेल’ लावा. नोव्हेंबर १९५५ मध्ये आरसीए व्हिक्टरने एल्विसचा करार सनकडून ३५,००० डॉलरला घेतला आणि १० जानेवारी १९५६ ला नॅशव्हिलमध्ये हे गाणं मुद्रित केलं. तिथे फिलिप्सची पद्धत नव्हती. सनचा आवाज आणायची खटपट म्हणून तंत्रज्ञांनी बाहेरच्या मोकळ्या पॅसेजमध्ये स्पीकर आणि माइक ठेवून घुमारा घेतला. म्हणून गायकाचा आवाज रिकाम्या इमारतीत घुमल्यासारखा येतो, पण गिटारमागे मात्र छोटा टपकन परतणारा एको आहे. तो स्कॉटीने स्वतःच्या अ‍ॅम्पमधून बरोबर नेला होता. दोन एको एकाच गाण्यात शेजारी शेजारी ऐकायला मिळतात, म्हणून शिकणाऱ्याने आधी हे ऐकावं.

सहावी तार

फीतयंत्र, फार उपयोगी प्रतिसाद. आता गिटारी.

नौदलातून परतल्यावर स्कॉटीकडे फेंडर एस्क्वायर होती. भरीव लाकडाची, लहान अंगाची. ती त्याला हातात नीट बसेना, म्हणून त्याने १९५३ मध्ये गिब्सनची ईएस-२९५ घेतली. सोनेरी रंग, पोकळ अंग, दोन पी-९० पिकअप. सनची १९५५ च्या उन्हाळ्यापर्यंतची सगळी गाणी हिच्यावर आहेत.

या गिटारची मूळ घोडी आणि तारा अडकवायची शेपटी एकाच तुकड्यात असायची, आणि तो तुकडा गिटारच्या पोटाला कुठेही पक्का केलेला नसायचा. उजव्या हाताचा तळवा घोडीवर टेकवून तारा दाबत वाजवणाऱ्यासाठी ही मोठीच अडचण. हात सरकला की घोडी सरकते आणि सूर जातात. शिवाय प्रत्येक तारेची लांबी वेगळी लावायची सोय नाही. स्कॉटीने ती काढून मेलिटाची घोडी बसवली. तिच्यात सहाही तारांचे आधार सुटे सुटे पुढेमागे होतात.

जुलै १९५५ मध्ये त्याने मेम्फिसच्या ओ. के. हाउक या दुकानात ईएस-२९५ देऊन गिब्सन एल-५ घेतली, फिकट लाकडी रंगाची. ‘मिस्टरी ट्रेन’ आणि ‘हार्टब्रेक हॉटेल’ हिच्यावर. १९५७ पासून त्याहून मोठी सुपर ४००. ‘जेलहाउस रॉक’ सुपर ४०० वर आहे.

आज कोणी पोकळ गिटारवर हे करू पाहत असेल तर घोडी कशी लावायची ते लिहितो, कारण सैल घोडीचा प्रश्न आजही तसाच आहे:

तारा कधीही सगळ्या एकदम काढू नका. एक काढा, नवी लावा, मग पुढची. सगळ्या काढायच्याच असतील तर आधी घोडीच्या दोन्ही टोकांना कागदी चिकटपट्टी लावून जागा खूण करून ठेवा. जागा तपासायला बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्श करून जो सूर येतो तो आणि त्याच पडद्यावर दाबून येणारा सूर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी शेपटीकडे, उतरा असेल तर मानेकडे, एका वेळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. जाड संच लावा, पहिली तार ०.०१२ ची आणि तिसरी गुंडाळलेली. तिसरी साधी असली तर अशा घोडीवर ती कायम चढी बोलते, आणि स्कॉटीच्या जोडतारांच्या जागा नेमक्या तिथेच बेसुऱ्या होतात.

मुंबई-कोकणातल्यांना एक सांगणं. पावसाळ्यात पोकळ गिटारचं पोट फुगतं, तारा उंच होतात. जूनमध्ये घोडी खाली घेतली असेल तर ऑक्टोबरात परत वर घ्यावी लागते, नाहीतर तारा पडद्यांवर खरखरतात. गिटार पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या महिन्याने बदला.

पहिला कॉर्ड

आकडे लिहून घेतले. आता उजवा हात. तो नुसत्या प्लेक्ट्रमने वाजवायचा का?

सहावी तार

नाही. अंगठ्यात घालायची नखी आणि बोटं. मर्ल ट्रॅव्हिस आणि चेट अ‍ॅटकिन्स हे दोघं त्याचे आदर्श. दोघांची पद्धत अशी की अंगठा खर्जाच्या तारांवर आळीपाळीने ठेका धरतो आणि बोटं वरच्या तारांवर चाल वाजवतात. ट्रॅव्हिसचं बरंचसं काम अंगठा आणि तर्जनीवर होतं, अ‍ॅटकिन्स जास्त बोटं वापरायचा. स्कॉटीने ते सगळं शिस्तीत न उचलता हवं तेवढं घेतलं. मधेच ठेका, मधेच ब्लूजचा सुटा तुकडा, मधेच दोन तारांची जोडी. गाण्याला जे लागेल ते.

सतारीच्या नखीची सवय असलेल्यांना अंगठ्याची नखी सुरुवातीला अवजड वाटते. दुकानातून आणलेली प्लास्टिकची नखी बहुधा एकतर सैल असते नाहीतर रक्त अडवते. गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, अर्धा मिनिट बुडवा. फडक्याने धरून कडं हव्या मापाचं करा आणि तसंच धरून थंड पाण्यात घाला. बसली नाही तर पुन्हा. टोक लांब असेल तर ते तारेत अडकतं आणि ठेका मागे पडतो. बारीक पॉलिश पेपरने अंगठ्याबाहेर पाच-सहा मिलिमीटर राहील इतकं घासा, आणि घासल्यावर कडा गुळगुळीत करा. कडा खरखरीत राहिली तर प्रत्येक ठोक्याला तारेवर ‘खर्’ वाजतं आणि एको ते दुप्पट करतो.

‘मिस्टरी ट्रेन’वर बसायचं तर क्रम असा ठेवा. पट्टी ई. म्हणजे ई हा सा, ए हा मध्यम, बी पंचम. पहिल्या दिवशी फक्त अंगठा: ई कॉर्ड धरून सहावी तार, चौथी तार, सहावी, चौथी. तळव्याची कड घोडीला लागून खर्जाच्या तीन तारांवर हलकेच टेकलेली. तार घुमत राहिली तर तळवा थोडा पुढे घ्या, नुसतीच ‘ठप्’ वाजली तर मागे. हे दहा मिनिटं न अडखळता आलं की मग बोटांनी वरच्या तारा, त्याही आधी ठोक्यावर आणि नंतर ठोक्यांच्या मधे. अंगठा आणि बोटं एकदम शिकायला घेतली की अंगठा बोटांच्या मागे धावू लागतो, आणि ती सवय सुटायला फार वेळ जातो.

आणखी एक अडचण. या गाण्यात गायकाची ओळ सा वर सुरू न होता मध्यमाच्या कॉर्डवर सुरू होते, आणि प्रत्येक ओळीच्या मात्रा सारख्या नाहीत. ब्लूजचा नेहमीचा बारा आवर्तनांचा साचा डोक्यात ठेवून वाजवलं तर दुसऱ्याच कडव्यात गाणं हातातून निसटतं. मोजत बसू नका. एल्विसचा श्वास ऐका आणि तो ओळ उचलतो तिथे ए वर जा.

उभा बास

ड्रमबद्दल राहिलं होतं ते जोडतो. १६ ऑक्टोबर १९५४ ला हे तिघं श्रीव्हपोर्टच्या ‘लुइझियाना हेराइड’ या रेडिओ कार्यक्रमात पहिल्यांदा वाजले. तिथला ड्रमर डी. जे. फोंटाना १९५५ मध्ये त्यांच्यात कायमचा आला. फोंटानाने त्यांच्या मोकळ्या जागा भरून टाकल्या नाहीत, ही त्याची मोठी समज. तो मागे राहून ठेका धरायचा.

पण ड्रम आले, गर्दी वाढली आणि १९५६ पर्यंत किंचाळ्यांत एकोसॉनिक ऐकूच येईना. आवाज वाढवावा तर पोकळ गिटार स्पीकरसमोर घोंघावायला लागते. मग रे बट्सनेच जास्त ताकदीचे जोड-अ‍ॅम्प करून दिले. ते स्कॉटीपासून लांब ठेवता यायचे आणि मूळ अ‍ॅम्प जवळच राहायचा. आजही पोकळ गिटार मोठ्या मंचावर वाजवायची तर हीच रीत. अ‍ॅम्प जवळ आणि हळू, माइक लावून बाकीचा आवाज बाहेरच्या स्पीकरांना. आणि गिटारचं तोंड अ‍ॅम्पकडे कधीच नको.

तबकडी

आता तो ५०-२५-२५ चा हिशेब. जानेवारी १९५५ पासून बॉब नील व्यवस्थापक झाला, पुढे कर्नल टॉम पार्कर. टक्केवारी गेली आणि स्कॉटी-ब्लॅक पगारी झाले. दौऱ्यावर असताना आठवड्याला २०० डॉलर, घरी असताना १००. तबकडीच्या विक्रीवर त्यांना काही नाही. आरसीएने ३५,००० मोजले तो करारही एकट्या एल्विसचा. १९५६ मध्ये ‘हाउंड डॉग’ आणि ‘डोन्ट बी क्रूअल’ देशभर वाजत होती तेव्हाही आकडे हेच. दौऱ्यातलं राहणं-खाणं पुष्कळदा त्यांच्याच खिशातून जायचं, म्हणजे २०० तले हाती किती उरायचे ते ओघाने आलंच.

सप्टेंबर १९५७ मध्ये स्कॉटी आणि ब्लॅक दोघांनी राजीनामे दिले. महिन्याअखेरीला एल्विसने जन्मगावी, टुपेलोला, कार्यक्रम केला तो त्यांच्याशिवाय, गिटारवर हँक गार्लंड होता. गार्लंड हाताने स्कॉटीपेक्षा कितीतरी तयार वादक. तरी त्यानंतर लगेच बोलणी झाली आणि दोघं रोजच्या ठरावीक मोबदल्यावर परत आले. मार्च १९५८ मध्ये एल्विस सैन्यात गेला आणि तेही थांबलं.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कमी लोक सांगतात, आणि मला वाटतं स्कॉटीचा खरा पिंड तिथे दिसतो. तो मेम्फिसच्या फर्नवुड रेकॉर्ड्समध्ये भागीदार म्हणून शिरला आणि थॉमस वेनचं ‘ट्रॅजेडी’ त्याने मुद्रित केलं. १९५९ मध्ये ते बिलबोर्डच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. १९६० मध्ये सॅम फिलिप्सने मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर नवा स्टुडिओ उघडला, तिथे स्कॉटी निर्मिती व्यवस्थापक आणि ध्वनिमुद्रक. मधूनमधून एल्विसच्या मुद्रणांनाही जायचा. १९६४ मध्ये एपिक कंपनीसाठी, बिली शेरिलच्या निर्मितीत, त्याने स्वतःच्या नावाने जुन्या गाण्यांची वाद्यतबकडी केली. ‘द गिटार दॅट चेंज्ड द वर्ल्ड’. त्यावरून फिलिप्सने त्याला कामावरून काढलं. ती विकलीही गेली नाही.

मग नॅशव्हिल, आणि तिथे ‘म्युझिक सिटी रेकॉर्डर्स’ हा स्टुडिओ.

फीतयंत्र

बरोबर. आणि म्हणून त्याला ‘एल्विसचा गिटारवादक, पुढे ध्वनिमुद्रक झाला’ असं दोन तुकड्यांत मांडू नये. तो आधीपासूनच ध्वनिमुद्रकाच्या कानाने वाजवत होता. जागा कुठे मोकळी आहे, कुठल्या पट्ट्यात गायकाचा आवाज आहे, एको परत यायला वेळ द्यायचा तर दोन सुरांत किती अंतर हवं, हे त्याच्या १९५५ च्या वाजवण्यातच आहे. एकोसॉनिकवर घाईघाईत वाजवलं की परतणारा सूर नव्या सुरावर आदळतो. स्कॉटी मुद्दाम विरळ वाजवतो, त्यामुळे एकोला दुसऱ्या वादकाची जागा मिळते. ‘मिस्टरी ट्रेन’ एकदा एकोवर कान ठेवून ऐका.

म्युझिक सिटी रेकॉर्डर्समध्ये १९७० ला रिंगो स्टारची कंट्री तबकडी ‘बोकूज ऑफ ब्लूज’ मुद्रित झाली. निर्माता पीट ड्रेक आणि यंत्रावर स्कॉटी मूर.

उभा बास

त्याआधीचं १९६८ विसरू नका. एनबीसी वाहिनीच्या एल्विसच्या कार्यक्रमाचं चित्रण जूनमध्ये झालं, प्रक्षेपण ३ डिसेंबरला. लहान चौकोनी मंचावर सगळे खुर्च्यांवर गोल बसलेले. फोंटानाकडे ड्रम नाहीतच, तो गिटारच्या पेटीवर काठ्या वाजवतोय. थोड्या वेळाने एल्विस स्कॉटीची सुपर ४०० मागून घेतो आणि स्वतः वाजवतो, स्कॉटीकडे साधी गिटार येते. ब्लॅक तेव्हा नव्हता, १९६५ मध्येच ब्रेन ट्यूमरने गेला होता, जेमतेम ३९ वर्षांचा. स्कॉटी आणि एल्विस यांनी एकत्र वाजवलं ते त्यानंतर पुन्हा कधीच नाही.

पुढे जवळजवळ २४ वर्षं स्कॉटीने गिटार बाजूलाच ठेवली. स्टुडिओ विकून टेपच्या प्रती काढायचा धंदा केला. १९९२ मध्ये कार्ल पर्किन्सबरोबर मेम्फिसला मुद्रण केलं तेव्हा पुन्हा गिटार हातात घेतली. २००० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीदार वादकांसाठी पहिल्यांदाच वेगळा विभाग केला, त्यात त्याचं नाव होतं. २८ जून २०१६ ला नॅशव्हिलमध्ये तो गेला.

पहिला कॉर्ड

एक शंका उरली आहे. ‘टू मच’मधला मधला तुकडा कानाने उतरवताना काही केल्या बसत नाही. मधेच दिशाहीन झाल्यासारखा वाटतो. माझी नोंद चुकतेय की तो तसाच आहे?

सहावी तार

तुमची नोंद बरोबर आहे. सप्टेंबर १९५६, हॉलिवूडचा रेडिओ रेकॉर्डर्स स्टुडिओ. पट्टी सवयीची नव्हती, स्कॉटी मधेच हरवला आणि कसाबसा बाहेर आला. एल्विसला तोच टेक आवडला आणि तोच ठेवला. म्हणून त्यात नियम शोधू नका. सूर जसेच्या तसे पाठ करा आणि बाहेर पडायची शेवटची उडी आधी बसवा. ती चुकली तर पुढचं कडवं चुकतं, मधलं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं.

आणि ‘डोन्ट बी क्रूअल’ घेणार असाल तर आधीच सांगतो. २ जुलै १९५६, न्यूयॉर्क. पट्टी डी. स्कॉटीने सहावी तार ई वरून डी ला उतरवली आहे. त्या तारेवर सुरुवातीचा छोटा तुकडा वाजतो, मग सबंध गाणं गिटार गप्प, आणि अगदी शेवटी एक कॉर्ड. साधी जुळणी ठेवून वाजवायला गेलात तर तो खालचा डी मिळतच नाही, आणि एक सप्तक वरून वाजवला तर सुरुवातीचं सगळं वजन जातं.

तार उतरवताना डी च्या खाली नेऊन मग वर चढवत आणा. वरून खाली आणून तिथेच थांबलात तर खुंटीत राहिलेला सैलपणा पहिल्या दोन-तीन ठोक्यांत सुटतो आणि तार आणखी उतरते. जुळली की बाराव्या पडद्यापाशी धरून दोनतीनदा हलकी ओढा, पुन्हा जुळवा, चौथ्या मोकळ्या तारेच्या डी शी ताडून पाहा. शेवटचा कॉर्ड वाजवायच्या आधी सुमारे दोन मिनिटं गिटार नुसती धरून बसायचं आहे, तेवढ्यात तार हललीच तर तो कॉर्ड उघडा पडतो.